मोटारीतील विद्युत् दोषांचा शोध

पेट्रोलवर चालणारी मोटारगाडी सुरू होत नसेल, तर त्याची कारणे बहुधा दोन गटांत मोडतात. एक तर सिलिंडरात पेट्रोल व हवा यांचे योग्य मिश्रण पोहोचत नाही, किंवा ते पोहोचूनही त्याला पेटवणारी ठिणगी योग्य क्षणी पडत नाही. पहिल्या गटातील दोष पुष्कळदा नाकाला, डोळ्यांना किंवा हाताला कळतात. पेट्रोलचा वास येतो, नळी ओली दिसते, टाकी रिकामी असल्याचे काटाच सांगतो. विजेचे तसे नाही. तांब्याची तार आतून तुटली तरी तिच्यावरचे आवरण शाबूत राहते, आणि दोन जोडांमध्ये साचलेला गंज त्या जोडांनीच झाकलेला असतो. म्हणूनच विद्युत् दोष म्हटला की गाडीचा मालक, आणि कधी कधी मिस्त्रीसुद्धा, अंदाजाने एकेक भाग बदलू लागतो. आज बॅटरी, उद्या कॉइल, परवा प्लग. त्यांपैकी एखादा भाग बदलताना एखादी सैल तार नकळत घट्ट होते, गाडी सुरू होते आणि श्रेय नव्या भागाला मिळते. खरा दोष काय होता हे कोणालाच कळत नाही, आणि महिन्याभराने तो पुन्हा उद्भवतो.

याहून वेगळी एक पद्धत आहे. वीज कोठून निघाली, तिने कोठे पोहोचावयास हवे होते आणि वाटेत ती कोठपर्यंत आली, हे क्रमाने पाहत जाणे, हे तिचे सूत्र. तिला साधनेही थोडीच लागतात : १२ व्होल्टांचा एक लहान दिवा, त्याला जोडलेल्या दोन लांब तारा, शक्य असल्यास एक मल्टिमीटर, आणि कोणताही भाग बदलण्यापूर्वी थोडे थांबण्याची तयारी.

विवेचनासाठी अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पद्मिनीचे त्याच्याही बरेच आधी. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची निवृत्त झाली. तरीही त्यांचीच निवड करण्याचे कारण सोपे आहे. त्यांच्या विद्युत् व्यवस्थेतील प्रत्येक भाग झाकण उघडताच दिसतो, हातात घेता येतो. जी तत्त्वे त्यांत उघड्यावर आहेत, तीच आजच्या गाडीत पेटीबंद झालेली आहेत.

परतीची वाट

घरातील दिव्याला दोन तारा असतात हे आपण जाणतो. मोटारीतील पुष्कळ दिव्यांना मात्र एकच तार आलेली दिसते. दुसरी तार म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. बॅटरीच्या धनाग्राकडून निघालेला प्रवाह तारेतून दिव्यापर्यंत जातो आणि सांगाड्यातून ऋणाग्राकडे परततो. (जुन्या ब्रिटिश बनावटीच्या अनेक गाड्यांत धनाग्र सांगाड्याला जोडलेले असे, म्हणून नवी बॅटरी बसवण्यापूर्वी जुनीची जोडणी नीट पाहून ठेवावी.) गॅरेजात सांगाड्याच्या या जोडणीला ‘अर्थ’ म्हणतात. शब्द रूढ आहे, पण फसवा आहे. गाडी रबरी टायरांवर उभी असते, तिचा पृथ्वीशी विद्युत् संबंध नसतो. ‘अर्थ’ म्हणजे येथे जमीन नव्हे, परतीची वाट. ही वाट जाण्याच्या वाटेइतकीच निर्वेध असावी लागते, आणि नेमकी तीच तपासावयाची राहून जाते.

निर्वेध म्हणजे किती, याचा अंदाज एका हिशेबाने येतो. एंजिनाला पहिली गती देणारी स्टार्टर मोटर, म्हणजे बोलीतला ‘सेल्फ’, चालू होताना १०० ते २०० अँपिअर इतका प्रवाह घेते. समजा प्रवाह १५० अँपिअर आहे आणि बॅटरीच्या गंजलेल्या जोडात केवळ ०.०२ ओहम इतका रोध निर्माण झाला आहे. या दोन आकड्यांचा गुणाकार ३ व्होल्ट होतो. याचा अर्थ १२ व्होल्टांपैकी ३ व्होल्ट त्या एका जोडातच खर्ची पडले. मोटरीच्या वाट्याला तेवढे कमी आले, आणि त्या जोडात ४५० वॅट, म्हणजे घरगुती इस्त्रीच्या जवळजवळ निम्मी, उष्णता निर्माण झाली. सेल्फ मारून झाल्यावर बॅटरीचा जोड हाताला गरम लागत असेल तर त्याचे कारण हे. याच जोडातून एखाद्या दिव्याचा दोन अँपिअरांचा प्रवाह गेला तर घट फक्त ०.०४ व्होल्टांची होते आणि दिव्याच्या प्रकाशात डोळ्याला काहीही फरक दिसत नाही. ‘दिवा तर लख्ख लागतो, मग वीज आहेच’ हा युक्तिवाद म्हणूनच अपुरा आहे. मोठा प्रवाह वाहत असतानाच खराब जोड उघडकीला येतो.

आमच्या घरी एक जुनी पद्मिनी होती. एका पावसाळ्यात तिचा सेल्फ जड फिरू लागला. ओळखीच्या एका गॅरेजात बॅटरी बदलून झाली. आठवडाभर बरे गेले आणि पुन्हा तेच. मग सेल्फ खोलून त्यातील कार्बन ब्रश बदलण्यात आले. एका पहाटे आईला छातीत दुखू लागले आणि तिला रुग्णालयात न्यावयाचे होते, तेव्हा सेल्फ एकदा कण्हला आणि थांबला. दुसऱ्या प्रयत्नात डॅशबोर्डखालून धूर आला. चोकची तार तापून तिचे आवरण वितळत होते. शेजारच्या वाड्यात एस. टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत असत. ते कंदिलासारखा एक जुना विजेरी दिवा घेऊन आले, हेडलाइट लावावयास सांगितले आणि पुन्हा सेल्फ मारावयास लावला. हेडलाइट मंद झाले नाहीत. त्यांनी एक जाड केबल घेतली, तिचे एक टोक बॅटरीच्या ऋणाग्राला व दुसरे थेट एंजिनाच्या लोखंडाला लावले, आणि गाडी पहिल्याच फेऱ्यात सुरू झाली. आई वेळेत पोहोचली.

या प्रसंगाची उकल वर सांगितलेल्या परतीच्या वाटेतच आहे. एंजिन रबरी गाद्यांवर बसवलेले असते, त्यामुळे विद्युत् दृष्ट्या ते सांगाड्यापासून अलग पडते. त्या दोहोंना जोडणारी तांब्याच्या विणीची एक पट्टी असते. आमच्या गाडीत ती आतून हिरवी पडून कुजली होती. सेल्फचा प्रवाह एंजिनापर्यंत येई, पण परतण्यास वाट नसे. तेव्हा तो चोकच्या बारीक पोलादी तारेतून वाट काढू पाही, आणि ती तापे. हेडलाइट थेट सांगाड्याला जोडलेले असल्याने त्यांना या पट्टीची गरजच नव्हती. बॅटरी अशक्त असती तर सेल्फ मारताक्षणी तेही मंदावले असते. ही खूण पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होती. ती वाचली न गेल्याने एक चांगली बॅटरी वाया गेली.

तेव्हा सेल्फची तक्रार असेल तर पहिली परीक्षा हेडलाइटची. दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे जवळजवळ विझले तर बॅटरी उतरलेली आहे, तिचे जोड खराब आहेत किंवा सेल्फ आतून अडकला आहे. दिवे तसेच तेजस्वी राहिले आणि सेल्फ मुळीच हलला नाही, तर प्रवाह सेल्फपर्यंत जातच नाही किंवा तेथून परतत नाही. मल्टिमीटर असल्यास निकाल अधिक नेमका लागतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, निम्मी उतरलेली सुमारे १२.२. पण हे आकडे विश्रांतीचे झाले. सेल्फ फिरत असताना दाब साडेनऊ व्होल्टांखाली घसरला तर बॅटरी संशयास्पद समजावी. त्यानंतर मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋणाग्राच्या शिशाच्या खुंटावर (त्याभोवतीच्या पट्ट्यावर नव्हे) आणि दुसरे एंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर टेकवून सेल्फ मारावा. पाव व्होल्टाच्या आत घट असेल तर परतीची वाट चांगली आहे. आमच्या पद्मिनीवर ही चाचणी केली असती तर अर्ध्या मिनिटात निदान झाले असते. ही मोजमापे करताना एंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलकडे जाणारी बारीक तार आधी काढून ठेवावी.

ठिणगीचा मार्ग

सेल्फ जोमाने फिरतो, पण एंजिन पेट घेत नाही, असे असेल तर शोध ठिणगीकडे वळतो. १२ व्होल्टांच्या बॅटरीतून ठिणगी पडावी कशी? दाबाखालील वायूत अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक फट ओलांडण्यास हजारो व्होल्ट लागतात. ही अडचण फॅराडेने १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वाने सुटली, आणि ते तत्त्व मोटारीसाठी आजच्या परिचित रूपात बसवण्याचे श्रेय अमेरिकेतील डेटन येथील चार्ल्स केटरिंग याला दिले जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस त्याने आखलेली रचना पद्मिनीपर्यंत फारशी बदलली नाही.

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, काही शे फेऱ्यांचे. दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, हजारो फेऱ्यांचे. जाड वेटोळ्यातून सुमारे ४ अँपिअर प्रवाह डिस्ट्रिब्यूटरमधील काँटॅक्ट पॉइंटांवाटे सांगाड्यात जातो आणि गाभा चुंबकित होतो. फिरता कॅम हे पॉइंट उघडतो, प्रवाह एकदम तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि बारीक वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्टांपर्यंत दाब उसळतो. हा दाब जाड आवरणाच्या तारेने डिस्ट्रिब्यूटरच्या मध्यभागी येतो, तेथील रोटर त्याला पाळीपाळीने चार प्लगांकडे पाठवतो. स्पार्क प्लगला परिभाषेत ‘ठिणगी-गुडदी’ असा शब्द आढळतो. तो अर्थवाही आहे, परंतु दुकानात जाऊन गुडदी मागितल्यास काय मिळेल हे सांगता येत नाही, म्हणून येथे प्लग हाच शब्द ठेवला आहे. चार सिलिंडरांचे एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर ही सारी घडामोड सेकंदाला शंभर वेळा होते. पॉइंटांशेजारी बसवलेला लहान कंडेन्सर प्रवाह तुटताना पॉइंटांमध्येच ठिणगी पडू देत नाही. तो निकामी झाला तर पॉइंट जळू लागतात आणि प्लगपाशी निळ्या, खणखणीत ठिणगीऐवजी पिवळट, दुबळी ठिणगी दिसते.

एवढा लांब मार्ग टोकापासून तपासत बसण्यापेक्षा तो मधोमध तोडावा. कॉइलकडून येणारी जाड तार डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीतून काढावी, उत्तम निरोधक मुठीच्या पकडीने तिचे टोक एंजिनाच्या लोखंडापासून सुमारे ६ मिलिमीटर दूर धरावे आणि दुसऱ्या कोणाला सेल्फ मारावयास सांगावे. (पेट्रोलचा वास येत असेल किंवा नळी गळत असेल तर ही चाचणी करू नये. ज्यांच्या हृदयाला पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी या कामापासून दूरच राहावे.) कडकडीत निळी ठिणगी पडली तर बॅटरी, स्विच, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर हे सारे निर्दोष ठरले, दोष पुढे, म्हणजे टोपी, रोटर, प्लगच्या तारा किंवा प्लग यांत आहे. ठिणगी पडली नाही तर दोष अलीकडे आहे. एका चाचणीने अर्धी गाडी संशयातून मुक्त झाली.

अलीकडच्या अर्ध्या भागासाठी आपला लहान दिवा पुरतो. त्याची एक तार सांगाड्याला लावावी. किल्ली चालू करून दुसरी तार कॉइलच्या स्विचकडील अग्राला टेकवावी. दिवा लागला नाही तर दोष किल्लीच्या स्विचमध्ये किंवा तेथून येणाऱ्या तारेत आहे. लागला तर तीच तार आता कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडील अग्राला टेकवून एंजिन हळूहळू फिरवावे. पॉइंट उघडे असताना दिवा लागला पाहिजे, मिटताच विझला पाहिजे. तो लागलेलाच राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांच्या तोंडांवर काजळी व तेलकटपणा बसला आहे. तो कधीच लागला नाही तर दोन शक्यता उरतात. त्या वेगळ्या करण्यासाठी कॉइलच्या त्या अग्रावरील तार काढून दिवा पुन्हा टेकवावा. आता लागला तर कॉइल चांगली, डिस्ट्रिब्यूटरमध्ये कोठेतरी प्रवाह सांगाड्याला भिडला आहे. अजूनही लागत नसेल तर कॉइलचे जाड वेटोळे तुटले आहे, आणि नवी कॉइल विकत घेण्यास आता सबळ कारण मिळाले.

पॉइंटांमधील फट पूर्ण उघडल्यावर सुमारे ०.४ मिलिमीटर असावी. कॅमवर घासणारी त्यांची फायबरची टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. गाडी सुरू होते, पण चढावर दम टाकते. हा दोष इतका हळूहळू वाढतो की रोज गाडी चालवणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही.

पलीकडच्या अर्ध्या भागाचा मोठा शत्रू म्हणजे ओल. उच्च दाबाच्या विजेला पाण्याचा पातळ थर हीच सोयीची वाट होते. पावसाने किंवा एंजिन धुतल्यामुळे बंद पडलेली गाडी पुष्कळदा टोपी आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसताच सुरू होते. वारंवार असे होत असेल तर टोपी उजेडात धरून पाहावी. आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर विजेने तेथे कोळशाची कायमची वाट पाडलेली आहे. ती पुसून जात नाही, टोपीच बदलावी लागते. अंधारात एंजिन चालू ठेवून झाकण उघडले तर खराब तारांवर खेळणाऱ्या निळसर ठिणग्या स्वच्छ दिसतात. प्लगच्या तारा काढण्यापूर्वी मात्र त्यांवर खुणा कराव्यात. या दोन्ही गाड्यांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे, आणि दोन तारांची अदलाबदल झाली तर चांगली गाडीही कार्ब्युरेटरातून खोकू लागते.

उन्हाळ्यातील एक दोष विशेष चकवणारा आहे. गाडी अर्धा तास उत्तम चालते, मग एकाएकी बंद पडते आणि वीस मिनिटांनी जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. मे महिन्यात याचे कारण पेट्रोलची वाफ हे असू शकते, आणि पेट्रोलपंपावर ओले फडके टाकण्याचा उपाय जुन्या चालकांना ठाऊक आहे. परंतु तापल्यावर आतले आवरण दगा देणारी कॉइलही हुबेहूब असेच वागते. फडके आपले काम करीत असताना कॉइलही निवते, आणि यश फडक्याच्या नावावर जमा होते. यावर इलाज एकच : गाडी बंद पडल्या क्षणी, ती निवण्यापूर्वी, वरची ठिणगीची चाचणी करावी.

फ्यूज, दिवे आणि उतरणारी बॅटरी

फ्यूज वितळणे हा दोष नसून दोषाची वार्ता आहे. वार्ताहराला गप्प करून भागत नाही. फ्यूजच्या जागी जाड तार किंवा चांदीचा कागद घालणाऱ्याने गाडीला आग लागण्याची सोय करून ठेवलेली असते, कारण आता वितळावयाचे ते डॅशबोर्डमागच्या तारांचे आवरण. वितळलेल्या फ्यूजच्या जागी आपला दिवाच जोडावा. प्रवाह कोठेतरी सांगाड्याला भिडला असेल तर तो तेजाने लागतो, आणि दिव्याच्या स्वतःच्या रोधामुळे प्रवाह मर्यादित राहून तारांना धोका होत नाही. मग त्या फ्यूजवरचे दिवे, भोंगा, वायपर यांच्या तारा एकेक करून सोडवाव्यात. जी सोडवताच दिवा विझेल तिच्यात दोष आहे.

बॅटरी रात्रीत उतरत असेल तर आधी ती भरली जाते की नाही हे पाहावे. एंजिन थोड्या वेगाने चालू असताना तिच्या अग्रांवर १४ व्होल्टांच्या आसपास दाब हवा. तो मिळत असूनही बॅटरी उतरते, तर उभ्या गाडीत काहीतरी चालू राहते. डिकीतला ५ वॅटचा दिवा ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे ४० अँपिअर-तासांची पूर्ण भरलेली बॅटरी तो शंभर तासांत, सुमारे चार दिवसांत, रिती करतो. बॅटरीशी काम करताना बिडी-सिगारेट दूर ठेवावी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो, आणि त्याचा स्फोट अंगावर तेजाब उडवतो. सोडवताना सांगाड्याकडील तार आधी काढावी व जोडताना ती शेवटी जोडावी. हातातील अंगठी, कडे हेही काढून ठेवलेले बरे.

आजच्या पेट्रोल गाडीत पॉइंट नाहीत, बहुधा डिस्ट्रिब्यूटरही नाही. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते आणि प्रवाह केव्हा तोडावा हे संगणक ठरवतो. अशा गाडीवर जुन्या सवयी घातक ठरतात. कॉइल काढून हवेत ठिणगी पाडून पाहू नये, आणि संवेदकांच्या नाजूक तारांना बल्बचा दिवा लावू नये; तेथे मल्टिमीटरच हवा. उलट संगणक काही बिघाडांची सांकेतिक नोंद स्वतःच ठेवतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरात पेट चुकतो आहे, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्यात. ही नोंद वाचून कित्येकदा लगेच नवी कॉइल मागवली जाते. पण नोंद सिलिंडराचा क्रमांक सांगते, दोषी भागाचे नाव सांगत नाही. पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरांच्या कॉइलींची अदलाबदल करावी, नोंद पुसावी आणि गाडी थोडी चालवावी. नोंद आता पी ०३०२ झाली तर दोष कॉइलबरोबर गेला, म्हणजे तो तिच्यातच होता. ती पी ०३०१ च राहिली तर कॉइल निर्दोष आहे. मग त्या सिलिंडराचा प्लग, पेट्रोल सोडणारा इंजेक्टर आणि शेवटी झडपा पाहाव्यात. त्याआधी कॉइलच्या प्लास्टिकच्या जोडणीत डोकावून पाहावे. तांब्याच्या पिनेवर आमच्या पद्मिनीच्या पट्टीवर होता तसा हिरवट थर दिसला, तर एखादे वेळी ती स्वच्छ करण्यापलीकडे काही करावे लागत नाही.